मंदाताई, चमक निळी होती

मंदाताई, तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. एवढ्यात आपल्या प्रयोगशाळेत दोन ब्युरेट फुटल्या, डिस्टिल्ड वॉटरचं पिंप दोनदा कोरडं पडलं आणि आतल्या कपाटाची चावी अजून कुणाला सापडलेली नाही. ती कुठे असते हे दाखवून ठेवा, असं मी तुम्हाला किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी तुमचं उत्तर एकच, "मी हाय ना." आता बसलो आहोत सगळे कपाटापुढे हात चोळत. खरं सांगायचं तर मला तुमचा रागच येतो आहे.

कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुम्हाला 'आज्ञाधारक कर्मचारी' म्हटलं आणि मी तोंडाला रुमाल लावला. लोकांना वाटलं मी रडते आहे. रडतही होते, पण आधी हसू आलं होतं. आज्ञाधारक म्हणे! पंधरा वर्षं मी तुम्हाला सांगत आले आणि पंधरा वर्षं तुम्ही तुम्हाला पटेल तेच करत आलात. कागदोपत्री तुम्ही रसायनशास्त्र विभागाच्या परिचर, मी विभागप्रमुख. प्रत्यक्षात काचेचं एकही भांडं तुमच्या परवानगीशिवाय जागचं हलत नव्हतं.

मला आठवतो आपण अतिनील दिवा पहिल्यांदा लावला तो दिवस. कपाटाच्या तळातून एक जुनी पिवळसर काचेची वाटी निघाली होती. पूर्वी काचेला रंग यावा म्हणून तिच्यात थोडं युरेनियम घालत. मी खिडक्यांचे पडदे ओढले, वाटी दिव्याखाली धरली आणि ती एकदम पोपटी झाली. पहिल्या वर्षाची मुलं ओरडली. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही जवळ येऊन बघितलंत आणि म्हणालात, "नवीन केळीच्या पानावानी दिसते." मग वाटी घ्यायला तुम्ही हात पुढे केलात आणि तुमच्या पांढऱ्या ब्लाउजची बाही निळी चमकली. आता मात्र ओरडलात!

मी समजावलं, धुण्याच्या पावडरीत कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून एक द्रव्य घातलेलं असतं, ते या दिव्याखाली निळं चमकतं. तुम्ही थोडा विचार केलात. "म्हंजी कपडे स्वच्छ व्हत न्हाईत, नुसते चमकतात?" मुलं खो खो हसली. मी पुढे कित्येक वर्षं तो धडा तुमच्या त्या वाक्यानं सुरू केला, तेही तुमचं नाव न सांगता.

पुढे आपल्याला ते पाण्यातलं युरेनियम मोजायचं यंत्र मिळालं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं नवीन घेतलं म्हणून जुनं आपल्याकडे आलं, पण आपल्याला त्याचं कोण कौतुक! युरेनियम म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो. वास्तविक ते दगडामातीत सगळीकडे थोडंफार असतं आणि हळूहळू विहिरींच्या पाण्यात उतरतं. जास्त उतरलं तर मूत्रपिंडाला बाधतं. पाण्यात फॉस्फेटचं एक द्रावण घातलं आणि वर अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवं चमकतं. जितकं जास्त, तितकी चमक जास्त. घागरभर पाण्यात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढा कण असला तरी ही चमक चुगली करते. खनिजं शोधणारे तिच्यावर दगड पारखतात, आपल्यासारखे पाणी पारखतात.

आपला काळा कातळ या बाबतीत तसा गरीबच. अलिबागपासून काशीदपर्यंत आपण विहिरी पालथ्या घातल्या आणि आकडे आले ते नसल्यासारखे. मी वैतागायचे. तुम्ही मात्र खूश. "न्हाय निघालं त्ये बरंच न्हाय का?" चौलच्या वाड्यांमधून आपण एसटीनं बाटल्या आणायचो, सीटखाली पेटी, पेटीवर तुमचे दोन्ही पाय. एकदा कंडक्टरनं विचारलं, पेटीत काय? तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "पाणी." त्याला वाटलं तुम्ही काहीतरी लपवताय. तो रेवदंड्यापर्यंत आपल्याकडे संशयानं बघत होता.

आणि तुमचा तो हट्ट! खारट पाण्यात चमक दबते, असलेलं युरेनियमही कमी दिसतं, हे मी तुम्हाला एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक बाटलीत माहितीतल्या युरेनियमचा एक थेंब टाकून दुसऱ्यांदा मोजायचं, आकडा जेवढा वाढायला हवा तेवढा वाढला का ते बघायचं, याशिवाय तुम्ही बाटली रिकामी करू द्यायचा नाहीत. मी म्हणायचे, गोड्या पाण्याला कशाला? तुम्ही म्हणायचात, "पाण्याला इचारून घेऊया ना." वेळ दुप्पट जायचा. आपण त्यावरून किती भांडलो, आणि दर वेळी मीच हरले.

आता मला सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल बोललं पाहिजे. आपण दोघी त्याबद्दल कधी नीट बोललोच नाही.

परीक्षांचे दिवस होते, विहिरींवर जायला मला सवड नव्हती. तुम्ही म्हणालात, आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी राहिलंय, मी घरून आणते. मी बाटली दिली. नियम असा की बाटली आपल्या प्रयोगशाळेत आम्लानं धुतलेली, आपणच भरायची, आपणच आणायची. पण तुमच्यावर माझा माझ्याहून जास्त विश्वास होता. सोमवारी तुम्ही बाटली आणलीत. सकाळी घाई होती, जावेनं भरून दिली, असं म्हणालात. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही आणि तुमच्या जावेचं नाव बदलून सुमन असं लिहिते. का, ते तुम्हाला कळेलच.

मी पाणी यंत्रात ठेवलं आणि आकडा चढत गेला. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या बराच वर जाऊन थांबला. मंदाताई, मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या वर्षांची 'नाही, नाही, नाही' आणि आज एकदम हे. माझ्या डोळ्यांपुढे शोधनिबंध आला. तुमच्या घरची माणसं तेच पाणी पितात, हे नंतर आलं.

तुम्ही यंत्राकडे बघितलंच नाहीत. तुम्ही ती बाटली उचललीत, कोपऱ्यातल्या दिव्याखाली धरलीत आणि म्हणालात, "मॅडम, ह्याची चमक निळी हाय."

मी म्हटलं, आकडा बघा.

"आकडा असंल. पन युरेनियम हिरवं ना? ह्ये निळं हाय. बाटलीतच कायतरी हाय."

आणि मी ते वाक्य बोलले. "मंदाताई, तुमची विहीर आहे म्हणून तुम्ही असं म्हणताय."

तुम्ही बाटली खाली ठेवलीत, फडकं घेतलंत आणि ओटा पुसायला लागलात. ओटा स्वच्छ होता. मी स्टाफरूममध्ये गेले आणि चहा पिता पिता चारचौघांत सांगून टाकलं की अमुक गावाच्या विहिरीत युरेनियम सापडलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला माहीतच होतं.

ती विहीर काय होती हे मला तोवर अर्धंच माहीत होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावातल्या वरच्या आळीनं त्यांच्या विहिरीवर तुमच्या माणसांना दोर टाकू दिला नाही, तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी आणि वस्तीतल्या माणसांनी भातशेतीची कामं उरकून, रोज थोडी थोडी अशी ती खोदली. कातळ लागला तरी थांबले नाहीत. पाणी लागलं ते असं की वैशाखातही तळ दिसत नाही. आणि अलीकडे काही वर्षं वरच्या आळीची विहीर आटली की त्यांच्या सुना कळश्या घेऊन तुमच्याकडे यायला लागल्या होत्या. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, नुसतं येणं सुरू झालं होतं. तुमच्या सासूबाई काठावर बसून त्यांना पाणी काढून द्यायच्या आणि घरात येऊन डोळे पुसायच्या, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत.

माझी बातमी तुमच्या आधी एसटीनं गावात पोचली. दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन कुणी आलं नाही.

तुम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आत प्रयोगशाळा उघडलीत. मी आले तेव्हा टेबलावर ती बाटली होती. रिकामी करून तुम्ही तीत डिस्टिल्ड वॉटर भरलं होतं. मला म्हणालात, "ह्ये मोजा." नुसतं शुद्ध पाणी, आणि आकडा परत वर! तुम्ही त्यात फॉस्फेट घातलंत. युरेनियम असतं तर चमक कितीतरी वाढायला हवी होती. ती तसूभर वाढली नाही. मग तुम्ही पिशवीतून दुसरी बाटली काढलीत, आपल्या इथे धुतलेली, पहाटे स्वतः विहिरीवर जाऊन भरलेली. ती मोजली. आकडा आला तो नेहमीचा, नसल्यासारखा. तीत माहितीतला थेंब टाकला, आकडा जेवढा वाढायला हवा तेवढाच वाढला. म्हणजे पाणी चमक दाबूनही धरत नव्हतं.

"जावेनं धुतली व्हती," तुम्ही म्हणालात. "वास येत व्हता म्हनं आम्लाचा. कॉलेजात घाणेरडी बाटली कशी पाठवायची, म्हून घासली."

धुण्याची पावडर. ज्या बाईची बाही पहिल्या दिवशी निळी चमकली होती तिनं ते एका नजरेत ओळखलं, आणि ज्या बाईनं ते शास्त्र शिकवलं ती आकड्याकडे बघत बसली. हल्लीची यंत्रं दिवा विझल्यावर किंचित थांबून मोजतात. पावडरीची चमक तेवढ्यात मरते, युरेनियमची टिकून राहते, म्हणून ती फसत नाहीत. आपलं जुनं यंत्र फसलं. पण यंत्राला मी दोष देणार नाही. रिकामी बाटली आधी मोजायची असते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

त्या वेळी मी काय म्हणाले ते आठवतंय? "बरं झालं, वहीत खोडून टाका." एवढंच. तुम्ही खोडलंत, आडवी रेघ मारून, शेजारी सही करून, शिकवलं होतं तसं. माफ करा, हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तुमची विहीर आहे म्हणून तुम्ही म्हणताय, हे वाक्य वहीत नव्हतं, त्यामुळे ते खोडायचं राहिलं.

स्टाफरूममध्ये मी सांगितलं की आकडा चुकला होता. पण बातमी खरी ठरली की लोक ऐकतात, खोटी ठरली की त्यांना ऐकू येत नाही. वरच्या आळीनं टँकर मागवायला सुरुवात केली. तुम्ही मला एकदाच म्हणालात, "आता त्यांना कारन मिळालं, मॅडम. जुनं कारन सांगायची चोरी व्हती." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग तुमचं ते मागणं सुरू झालं. "मॅडम, कागद द्या. विहिरीत कायबी न्हाय असं लिवून द्या, कॉलेजचा शिक्का मारून." आणि मी तुम्हाला शास्त्र ऐकवायचे. 'काही नाही' असं लिहिता येत नाही, मंदाताई. 'आमच्या यंत्राला मोजता येईल एवढं आढळलं नाही' असं लिहिता येतं. तेही एका बाटलीवरून नाही, उन्हाळ्यात घ्या, पावसाळ्यानंतर घ्या. तुम्ही घेतलंत. पहिली तीन वर्षं, वर्षातून तीनदा, धुतलेल्या बाटलीत, स्वतःच्या हातानं. दर वेळी तोच आकडा. मग मी म्हणायचे, बघू, प्राचार्यांना विचारावं लागेल.

मी एकदा चिडून म्हटलं होतं, "कागद कशाला हवा? तुम्हीच सांगा ना लोकांना, बाटलीला पावडर लागली होती म्हणून. समजेल त्यांना." तुम्ही म्हणालात, "मी न्हाय सांगायची." का, विचारलं तर बाटल्या धुवायला लागलात. मला वाटलं, हा तुमचा नेहमीचा हट्ट. मोठ्या बाईच्या सहीशिवाय चालत नाही हिला, असंही मनात आलं. तुमच्याबद्दल इतकं खुजं माझ्या मनात येऊ शकलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

प्राचार्यांना मी विचारलंच नव्हतं. कागद म्हणजे आधीचा आकडा चुकल्याची कबुली, आणि खाली सही माझी असती. शास्त्रबिस्त्र काही नाही, मला लाज वाटत होती. तुम्ही हे ओळखलं असणार. तरी दर वर्षी नव्या बाटल्या भरून आणत राहिलात, जणू तुमच्याच धीराची परीक्षा चाललीय. माझ्या वडिलांच्या आजारपणात तुम्ही महिनाभर माझे प्रात्यक्षिकांचे वर्ग लावून दिलेत, रोज डब्यात माझ्यासाठी दोन भाकऱ्या जास्त आणल्यात. ज्या बाईनं आपला मान घालवला तिच्यासाठी माणूस भाकरी थापतं, हे मी तुमच्याकडे पाहिलं. मी त्या भाकऱ्या खाल्ल्या. चवीनं खाल्ल्या.

परवा तुमचा जलदान विधी झाला. मी सकाळच्या एसटीनं आले. वस्ती भरली होती, वरच्या आळीच्याही पाचसहा बायका मागे उभ्या होत्या. तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्रिसरण, पंचशील झालं. मग तुमच्या नावानं पाण्याची धार सोडायची वेळ आली. तांब्या भरायला तुमचा मुलगा उठला, आणि कोपऱ्यातल्या निळ्या झाकणाच्या जारकडे गेला. विकतच्या पाण्याच्या. विहीर अंगणापासून वीस पावलांवर.

त्या घरात आता कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाहुणे येणार, उगाच कुणाच्या मनात किंतू नको, म्हणून जार. मंदाताई, तुमच्या नावानं सोडलेलं पाणी तुमच्या सासऱ्यांनी खोदलेल्या विहिरीचं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मला तिथे बसवेना.

विधीनंतर चार माणसं तुमच्याबद्दल बोलली. मग कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमीबी दोन सबूद बोला." मी उठले. म्हटलं, "या विहिरीत युरेनियम आहे ही बातमी मी पसरवली. ती खोटी होती. विहिरीत तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही. आमचा आकडा चुकला, कारण त्या बाटलीला..."

आणि मी थांबले. समोर सुमनबाई बसल्या होत्या. पदर नीट डोक्यावर घेतलेला, माझ्याकडे टक लावून बघत होत्या. बाटलीबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा मला कळलं तुम्ही का सांगत नव्हतात. आणि कागद का मागत होतात तेही. कागदाला कारण सांगावं लागत नाही, तुम्हाला लागलं असतं. वस्तीची विहीर कुणाच्या हातानं बदनाम झाली, हे एकदा तुमच्या तोंडून निघालं असतं तर त्या बाईला जन्मभर त्या काठावर उभं राहता आलं नसतं. तुम्ही सहा वर्षं ते पोटात ठेवलंत. एकाच चुलीवरचं दोघी जेवत होतात, आणि एकदाही ते तोंडातून काढलं नाहीत.

"त्या बाटलीला काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"ती बाटली मी आधी तपासून घेतली नव्हती," मी म्हटलं. "घ्यायला हवी होती. मंदाताईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. उद्या सहीशिक्क्यानं लिहून देते."

वरच्या आळीची एक म्हातारी पुढे आली. "मंग इतकी वर्सं गप का बसलात?"

"लाज वाटली म्हणून."

म्हातारीनं पदरानं कपाळ पुसलं. मग वळून म्हणाली, "सुमन, एक कळशी काढ गो बाय. ऊन लागलंय."

सुमनबाई उठल्या. म्हातारी प्यायली, आणखी दोघी प्यायल्या, बाकीच्या जारकडे गेल्या. सगळं एका दिवसात होणार नाही. मलाही एक पेला मिळाला. पाणी गार होतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून रडले. मला माफ करा, मंदाताई. हे तुम्ही समोर असताना म्हणायला हवं होतं.

निघताना सुमनबाई मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, येक इचारू? ती बाटली मीच भरून दिलेली तवा. चांगली दोनदा पावडर लावून घासलेली, मंदीला खाली बघाया लागू नये म्हून. माझ्याकडून कायी ऱ्हायलं व्हतं का?"

एसटी वळणावर दिसत होती. मी त्यांचा हात हातात घेतला.

"नाही हो, सुमनबाई," मी म्हटलं. "बाटली अगदी स्वच्छ होती."